नागपंचमीच्या कण्या

संपादकांनी माझ्याकडे खरं तर पाककृती मागितली होती. "काकू, तुमच्या खानावळीतल्या त्या मशरूमच्या कण्या कशा करतात तेवढं लिहून द्या, अर्धं पान पुरे." मी वही घेऊन बसले आणि चार ओळींत विषय संपला. एक पातेलं, ज्वारीच्या कण्या, मशरूम, मिरची, मीठ. अर्धं पान भरायला कोथिंबीर तरी किती घालणार? मग मी त्यांना फोन करून सांगितलं, की या पदार्थापायी माझी बावीस वर्षांची खानावळ एका संध्याकाळीत बसायची वेळ आली होती, ते लिहू का? ते म्हणाले, लिहा. म्हणून हा पसारा.

मी उस्मानपुऱ्यात पंचवीस वर्षं खानावळ चालवली. गेल्या वर्षी ती सुनेच्या हाती दिली. आता फक्त भाजीतलं मीठ बघायला जाते आणि सुनेला ते अजिबात आवडत नाही. तिच्या जागी मी असते तर मलाही आवडलं नसतं.

ज्यांनी कधी खानावळीत जेवण केलं नाही त्यांना वाटतं, हॉटेल आणि खानावळ एकच. अहो, कुठलं काय! हॉटेलात माणूस एकदा येतो, पनीर खातो, निघून जातो. आमचा मेंबर दोन्ही वेळा येतो, रोज येतो. माझं कुणाशी भांडण झालं असलं तर ते त्याला वरणातून कळतं. कुणी न सांगता आला नाही तर त्याला आम्ही खाडा म्हणतो, आणि एखाद्याचे सलग दोन खाडे पडले की मीच फोन करून विचारायची, ताप आलाय का म्हणून. माझ्याकडे एक प्राध्यापक होते, ते पोळी ट्यूबलाइटसमोर धरून बघायचे. पलीकडचं कॅलेंडर अंधूक दिसलं तर पोळी पास. एक बँकेतल्या बाई होत्या, त्यांना ताटात भात आणि भाजी एकमेकांना लागलेली चालायची नाही. मध्ये चटणीची भिंत घालून द्यावी लागे. मी भिंत घालायची. त्या बाई बदली होऊन गेल्या तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडल्या होत्या.

या धंद्यात एकच गोष्ट सांभाळायची असते. मेंबर डोळे मिटून घास तोंडात घालतो. तो स्वयंपाकघरात बघायला येत नाही. आमच्याकडे बुधवारी आणि रविवारी खाणाऱ्यांसाठी चिकन असायचं. त्याची पातेली वेगळी, पळ्या वेगळ्या, घासण्याही वेगळ्या. त्या पातेल्यांच्या कानांना मी लाल दोरा बांधून ठेवला होता. श्रावण लागला की ती सगळी भांडी पोत्यात बांधून माळ्यावर जायची, ती एकदम गणपती उठल्यावर खाली यायची. यात बावीस वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. मला त्याचा गर्व होता आणि मी तो लपवतही नव्हते.

आणि हे सगळं मी ज्यांच्यासाठी इतकं काटेकोर पाळायची, ते म्हणजे दत्तूआबा. पैठणकडचे, कालव्याच्या कचेरीतून शिपाई म्हणून रिटायर झालेले, गळ्यात तुळशीची माळ. बायको गेल्यावर ते गावी राहिले नाहीत, आमच्या मागच्या गल्लीत एक खोली घेऊन राहिले. खानावळ सुरू झाली त्या दुसऱ्याच महिन्यात आले आणि भिंतीकडेच्या पाटावर बसले. ती जागा मग त्यांचीच झाली. मी टेबलं आणली तरी त्यांचा पाट राहिला. जेवायच्या आधी ताटाला नमस्कार, जेवताना बोलणं नाही, आणि ताटात शीत उरलेलं मी कधी पाहिलं नाही. नवीन मेंबर चौकशीला आला की मी त्याला आबांकडे बोट दाखवायची. माळकरी माणूस बावीस वर्षं जिथे जेवतो तिथल्या स्वच्छतेबद्दल मी वेगळं काय सांगणार?

आता नागपंचमीचं. आमच्यात त्या दिवशी तवा ठेवत नाहीत, तळत नाहीत, आणि काही चिरत-कापत नाहीत. विळी आणि सुरी आदल्या रात्रीच फळीवर जाते. घरात ठीक आहे हो, उकडलेली दिंडं केली की झालं. पण पन्नास मेंबरांच्या खानावळीत तव्याशिवाय आणि विळीशिवाय एक दिवस काढून बघा! पोळी नाही, भाकरी नाही, चिरलेली भाजी नाही. म्हणून दरवर्षी मी एका मोठ्या पातेल्यात मुगाची खिचडी टाकायची. आणि दरवर्षी गजानन कुरकुरायचा. गजानन म्हणजे वाळूजच्या एका कंपनीतला सुपरवायझर, मनाने सरळ, पण आवाज असा की त्याला मीठ हवं असलं तरी शेजारच्या बिल्डिंगला कळायचं.

"काकू, औंदा पण खिचडीच का? आजारी पडल्यावानी वाटतं राव!"

त्या वर्षी माझ्या मनात आलं, याचं तोंड बंद करायचंच. ज्वारीच्या कण्या करू. ज्वारीला पाण्याचा हात लावून गिरणीतून जाडसर भरडून आणायची, चाळून पीठ बाजूला काढायचं, वर राहतात त्या कण्या. आमच्या लहानपणी तांदूळ सणाला, रोज कण्या. ताकात शिजवलेल्या, वर तेल. पण नुसत्या कण्या दिल्या तर गजानन खिचडीचीच आठवण काढणार. त्यांत काहीतरी घालायला हवं, जे चिरावं लागत नाही.

आणि नेमकी त्याच सकाळी शमीमआपा आली.

शमीमआपा खुलताबादची. हिवाळ्यात जांबाच्या, म्हणजे पेरूच्या, पाट्या घेऊन यायची, तेव्हापासूनची ओळख. वर्षभरापूर्वी ती एका शेतीच्या शिबिरात मशरूम लावायला शिकली होती, धिंगरी जातीचं. पत्र्याच्या शेडमध्ये गव्हाच्या भुश्याच्या पिशव्या टांगायच्या, त्यावर शिंपल्यांसारखी पांढरी फुलं येतात. वर डोंगरावर हवा गार, माल उत्तम यायचा, पण घेणार कोण? सकाळी तोडलेली धिंगरी दुसऱ्या दिवशी मलूल पडते. त्या दिवशी ती भरलेली पाटी घेऊन माझ्या दारात बसली आणि म्हणाली, "भाभी, सब घूमके आई. कोई हात नै लगाता. तुम रखो, नै तो मैं बकऱ्यांना डालती."

मी एक फूल उचललं आणि बोटांनी ओढलं. ते देठापर्यंत सरळ फाटलं. विळी नको, सुरी नको! मला इतका आनंद झाला की मी अख्खी पाटी ठेवून घेतली.

इथे माझी चूक झाली, आणि ती नीट सांगते. दोन वर्षांपूर्वी मी एकदा बाजारातलं गोल मशरूम भाजीत घातलं होतं, आणि सगळ्यांना तसं सांगितलं होतं. निम्म्या मेंबरांनी "कुत्र्याची छत्री" म्हणून ते ताटाच्या कडेला काढून ठेवलं. त्यामुळे या वेळी मी ठरवलं, आधी सांगायचंच नाही. खाऊ देत, बोटं चाटू देत, मग सांगू. मला वाटलं, मी मोठी हुशार.

संध्याकाळी पंगत बसली. कण्या अशा झाल्या होत्या की मी स्वतः पातेल्याजवळ उभी राहून दोन चमचे खाल्ले. श्रावण म्हणून कांदा-लसूण नाही, त्यामुळे धिंगरीची चव एकदम पुढे आली होती. सगळे गप्प होऊन खात होते, आणि खानावळीत याच्यापेक्षा मोठं कौतुक नसतं. मी मनातल्या मनात नाचत होते. तेवढ्यात गजाननने एक लांब पांढरा धागा चिमटीत धरून वर उचलला.

"काकू, हे काय? हे तर कोंबडीचं दिसतंय!"

मी हाताने फाडलेली धिंगरी शिजून अगदी चिकनसारखी दोरे-दोरे झाली होती, हे माझ्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं. सगळ्यांचे हात थांबले. आबांच्या हातात घास होता. त्यांनी जेवताना कधी तोंड उघडलं नव्हतं, ते त्या दिवशी उघडलं.

"सुमन, काय घातलंस?"

आणि मी, कशी कोण जाणे, घाबरून म्हणाले, "काही नाही आबा."

मग लगेच म्हणाले, "मशरूम आहे हो, मशरूम! भुश्यावरचं!" पण तोवर वेळ गेली होती. मागून सांगितलेलं खरं कुणाला खरं वाटत नाही. कुणीतरी पुटपुटलं, फ्रीजमधलं उरलेलं असेल. दुसऱ्याने विचारलं, माल कुणाकडून आणला? मी शमीमआपाचं नाव सांगितलं, तर लोकांनी एकमेकांकडे असं बघितलं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आबांनी घास ताटात परत ठेवला, ताटाला नमस्कार केला आणि उठले. बावीस वर्षांत पहिल्यांदा भरल्या ताटावरून उठले. त्यांच्या मागोमाग बाकीचेही उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पन्नासांतले सतरा आले. संध्याकाळी अकरा. मी आबांच्या खोलीवर डबा घेऊन गेले. ते दारातच उभे राहिले. "भूक नाय मला," एवढंच म्हणाले, आणि दार लावलं नाही, पण आत ये असंही म्हणाले नाहीत. खानावळ बंद पडली असती तर मी दुसरं काहीतरी केलं असतं. पण श्रावणात माळकऱ्याला मांस खाऊ घालणारी बाई म्हणून उस्मानपुऱ्यात उरलेलं आयुष्य कसं काढणार होते?

शमीमआपाला फोन केला. मला वाटलं ती माझ्यावर चिडेल, कारण तिचंही नाव निघालं होतं. पण तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाभी, कायकू रोते तुम? मुँह से बोले तो कोई नै मानता. मैं गवाह लेके आती."

तिसऱ्या दिवशी ती एसटीने आली. मांडीवर लहान मुलासारखी एक भुश्याची पिशवी. कंडक्टरने विचारलं होतं म्हणे, यात काय जिवंत आहे का, आणि ही म्हणाली, "हौ, है." तिने ती पिशवी जेवणाच्या खोलीत, अगदी मधोमध, पंख्याच्या रिकाम्या हुकाला टांगली. प्लास्टिक काढलेला, पांढऱ्या बुरशीने घट्ट बांधलेला भुश्याचा गोळा. त्यावर जागोजागी टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके. ती मला म्हणाली, दिवसातून चार वेळा पाणी शिंपड, आणि कुणाला काही समजावायला जाऊ नकोस.

मी समजावलं नाही. वरण-भात, पोळी-भाजी वाढत राहिले. अकरा जण त्या गोळ्याखाली मान वर करून जेवले. दुसऱ्या दिवशी ठिपक्यांची बटणं झाली. बँकेतला एक मेंबर जेवण झाल्यावर खुर्चीवर चढून जवळून बघून आला. संध्याकाळी गजानन आला, माझ्याकडे न बघता आला, आणि त्याने मोबाइलमध्ये फोटो काढला. तो फोटो त्याने स्टेटसला टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपल्यांएवढी फुलं उमलली होती आणि गजानन ड्युटीवर जायच्या आधी दारात हजर.

"काकू, पाणी मी मारू का? तुमी कोपऱ्यात नीट मारीत नाय."

मी फवाऱ्याची बाटली त्याच्या हातात दिली. त्याने तेवढ्यात माफीही मागून घेतली, त्याच्या त्या आवाजात, त्यामुळे शेजारच्या बिल्डिंगनेही ऐकली. मला ते बरंच वाटलं. बदनामी झाली तेव्हाही त्यांनी ऐकलंच होतं.

मेंबर परत येऊ लागले. अकराचे तीस झाले, तिसाचे पंचेचाळीस. जो तो आपल्या बाजूचं फूल किती वाढलं ते बघायचा. फक्त आबा येत नव्हते. रोज संध्याकाळी देवळातून परतताना ते आमच्या दारासमोर क्षणभर थांबायचे, आत टांगलेल्या पिशवीकडे बघायचे आणि पुढे जायचे. मी पोळ्या लाटता लाटता त्यांची पाठ बघायची. बाकी सगळे आले तरी मला काहीच जिंकल्यासारखं वाटत नव्हतं.

दशमीच्या दिवशी फुलं तळहाताएवढी झाली. मी ठरवलं, आज पुन्हा कण्या करायच्या, आणि सगळ्यांसमोर. शेगडी आणि मोठं पातेलं जेवणाच्या खोलीत आणलं. शमीमआपालाही बोलावलं होतं. तिने पिशवी खाली घेतली आणि फुलांचे झुबके मुळाशी पिळा देऊन काढले. एवढ्या एका पिशवीचं पन्नास माणसांना पुरणार नव्हतं, म्हणून तिने आणखी तीन पिशव्या रिक्षात घालून आणल्या होत्या. त्यांच्यावरची फुलंही तिथेच, सगळ्यांदेखत तोडली.

आता पाककृती. कण्या तासभर भिजवून ठेवायच्या. पातेल्यात तेल, जिरं, हिंग, हाताने मोडलेल्या हिरव्या मिरच्या, हळद. मग फाडलेली धिंगरी. ती आधी भरपूर पाणी सोडते. ते पाणी आटून तिला तेल दिसेपर्यंत धीर धरायचा. इथे घाई केली की सगळं गिळगिळीत होतं. मग शेंगदाणे, निथळलेल्या कण्या, कण्यांच्या चौपट आधणाचं पाणी, मीठ. मंद आच, झाकण, आणि अधूनमधून तळापासून ढवळायचं. कण्या फुलून बोटाने चेपायला लागल्या की वर घट्ट ताक घालून पाच मिनिटं. एवढंच आहे. एक पातेलं, एक पळी, आणि जेवण पूर्ण.

मी आणि शमीमआपा धिंगरी फाडायला बसलो होतो, तेवढ्यात खोलीतली बडबड थांबली. मी वर बघितलं. दत्तूआबा आत आले होते. चप्पल काढून, हात-पाय धुऊन, ते आपल्या पाटावर जाऊन बसले. मग त्यांनी हात पुढे केला.

"दे हिकडं चार."

मी त्यांच्यासमोर एक झुबका ठेवला. त्यांनी एक फूल उजेडाला धरलं, उलटं करून खालच्या पाकळ्या बघितल्या, आणि सावकाश, देठापर्यंत फाडलं. मग दुसरं. मला राहवलं नाही.

"आबा, आता तरी पटलं ना, मांस नव्हतं ते?"

त्यांनी मान वर केली नाही. "मांस नव्हतं ते मला त्याच टायमाला कळलं व्हतं. बावीस वर्सं तुझ्या हातचं खातोय. तू मला बाटवणार नाय, येवढं कळत नाय का मला?"

मी विचारलं, "मग ताटावरून उठलात कशाला?"

"मी तुला इचारलं, काय घातलंस. तू म्हन्लीस, काय नाय." त्यांनी फाडलेली धिंगरी परातीत टाकली. "ते 'काय नाय' माझ्या घशाखाली उतरंना."

चार-पाच दिवस मी जगाला पुरावा दाखवत होते, आणि ज्याच्यासाठी जीव तळमळत होता त्याला पुरावा नकोच होता. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "चुकलं माझं, आबा. छत्री म्हणून टाकून द्याल, म्हणून लपवलं." शमीमआपा आमच्या दोघांकडे बघत होती. ती म्हणाली, "आबा, भाभी को माफ करो. पर पहले खाके देखो, बाद में माफ करो."

आबा हसले. मी त्यांना हसताना फार कमी वेळा पाहिलंय.

पातेल्याचं झाकण काढलं तेव्हा जी वाफ उठली ती अजून माझ्या नाकात आहे. पहिलं ताट आबांचं. मी वाढलं, आणि बाकीच्या सगळ्यांनी आपली ताटं हातात धरून ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं. आबांनी नमस्कार केला, घास घेतला, सावकाश चावला, दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला गजानन म्हणाला, "आबा, आता आमी खाऊ का?" आणि खोलीत जो हशा उसळला, तो सांगता येत नाही. मग मला आणि शमीमआपाला मान वर करायला सवड मिळाली नाही. वाढ, वाढ, वाढ. पातेल्याच्या तळाला लागलेली खरवड निघाली, तिच्यासाठी प्राध्यापक आणि गजानन यांची जुंपली. ती मी दोघांना न देता आपाच्या ताटात घातली, कारण ती सकाळपासून उपाशी होती. मी स्वतः कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि ताटं मोजली. छप्पन्न. त्यात खानावळीचे मेंबर नसलेले सहा जण होते, शेजारच्या बिल्डिंगमधले.

आपाची धिंगरी तेव्हापासून आमच्याकडे पाटीने नाही, पोत्याने येते, आणि आजूबाजूच्या चार खानावळींतही जाते. दारातल्या फळ्यावर रोजच्या जेवणात काय काय घातलंय ते तिखट-मिठासकट लिहिलं जातं. सून कधीकधी कंटाळते, पण मी तिला त्यातून सूट देत नाही.

त्या दिवशी सगळे उठून गेले तरी आबा पाटावर बसून होते. ताट लख्ख. मी हातावर पाणी घातलं. त्यांनी हात पुसले, माळ नीट केली, दारापर्यंत गेले आणि वळले.

"सुमन, उद्या एकादस हाय, मी येनार नाय. परवा सकाळी लवकर येतो."

"या ना. काय करू?"

"हेच कर," आबा म्हणाले. "बारस ह्याच्यावरच सोडीन."